कर्करोगाच्या पुनरुद्भवाची भीती आणि सत्त्वावजय चिकित्सा

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन करताना अध्यर्बुद व द्विरर्बुद यांचा स्वतंत्र निर्देश केला आहे. पूर्वी झालेल्या अर्बुदावर पुन्हा उत्पन्न होणारे ते अध्यर्बुद, आणि एकाच वेळी अथवा एकामागून एक असे जोडीने होणारे ते द्विरर्बुद. दोन्ही असाध्य मानली आहेत. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात तर अर्बुदाचा अंश शेष राहिल्यास ते त्वरेने पुन्हा उद्भवते व शेष अग्नीप्रमाणे घातक ठरते, असा इशारा त्यांनी शस्त्रकर्म करणाऱ्यास दिला आहे. अर्बुद आणि आजचा कर्करोग यांना सर्वस्वी एकरूप मानणे योग्य नव्हे. तथापि ‘काढलेला रोग पुन्हा येऊ शकतो’ ही जाणीव आपल्या शास्त्राला नवी नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

प्रस्तुत लेखात आम्हांस रोगाच्या पुनरुद्भवापेक्षा त्याच्या भीतीचा विचार करावयाचा आहे. शस्त्रक्रिया, किमोथेरपी व किरणोपचार पूर्ण करून आलेले रुग्ण आज आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत मोठ्या संख्येने येतात. त्यांची तक्रार निद्रानाशाची, अग्निमांद्याची अथवा दौर्बल्याची असते. परंतु नाडी पाहून झाली, औषधाची पुडी हाती आली, की उठता उठता एक प्रश्न येतो : “वैद्यराज, हे पुन्हा तर येणार नाही ना?” या प्रश्नास आपण काय उत्तर देतो, यावर रुग्णाचे पुढील आचरण पुष्कळ अंशी अवलंबून राहते.

भीतीचे स्वरूप

उपचार चालू असेतोवर रुग्णास दर आठवड्यास अथवा दर तीन आठवड्यांस रुग्णालयात जावे लागते. त्रास असतो, परंतु ‘काहीतरी केले जात आहे’ हा आधारही असतो. उपचार संपले की पुढील तपासणीची तारीख तीन महिन्यांवर जाते. नातेवाईक पेढे वाटतात, कामावर रुजू होण्याचा आग्रह धरतात, आणि रुग्ण मात्र प्रत्येक ठणक्यास दचकतो. स्वतः कर्करोगातून गेलेले अमेरिकन वैद्यक फिट्झ्यू मुलन यांनी १९८५ साली लिहिलेल्या लेखात रोगोत्तर जीवनाचे ऋतूंसारखे टप्पे कल्पिले आणि उपचार संपल्यानंतरच्या टप्प्यावर पुनरुद्भवाच्या भीतीचे सावट असते, असे नोंदविले.

आपल्या शास्त्रात ऋतुसंधीची कल्पना प्रसिद्ध आहे. जाणाऱ्या ऋतूचा शेवटचा व येणाऱ्या ऋतूचा पहिला सप्ताह या काळात जुना विधी क्रमाने सोडून नवा क्रमाने स्वीकारावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. वमन-विरेचनानंतरही आपण रुग्णास एकदम नित्याच्या आहारावर सोडत नाही. पेयादी संसर्जनक्रम सांगतो. कर्करोगाचे उपचार तर याहून कितीतरी तीव्र. त्यानंतरच्या मनासही संसर्जनक्रम लागतो, आणि तो सांगणे हे वैद्याच्या कक्षेतील काम आहे, असे आमचे मत आहे.

ही भीती सर्वस्वी रोगरूप नव्हे. अल्प प्रमाणातील भीती रुग्णास तपासणीस नेते व तंबाखूपासून दूर ठेवते. ती अतिरिक्त झाली म्हणजे रुग्ण दिवसातून अनेकदा गाठ चाचपून पाहतो, वारंवार अनावश्यक रक्ततपासण्या करवितो, अथवा याच्या उलट भीतीपोटी ठरलेली तपासणीच टाळतो. अग्र्यसंग्रहात चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास अग्रस्थान दिले आहे. म्हणून अतिरिक्त भीतीची चिकित्सा करणे आवश्यक आहे. तिची टिंगल करणे अथवा ‘विचार करू नका’ एवढे सांगून रुग्णास वाटेस लावणे ही चिकित्सा नव्हे.

टाळावयाची दोन उत्तरे

पहिले उत्तर हमीचे. “आमचे औषध सहा महिने घ्या, पुन्हा येणारच नाही” असे म्हणणे रुग्णास त्या क्षणी गोड वाटते. पण अशी हमी कोणत्याही पद्धतीच्या चिकित्सकास देता येत नाही. तिच्यामुळे रुग्ण तपासणी सोडतो, किंवा चालू असलेले औषध थांबवितो. स्तनाच्या हार्मोनसंवेदी कर्करोगात टॅमॉक्सिफेनसारखे औषध पाच, प्रसंगी दहा वर्षे घ्यावयाचे असते. ते मध्येच सोडले असता पुनरुद्भवाची शक्यता वाढते.

दुसरे उत्तर दोषारोपाचे. चरकाचार्यांनी ज्वरचिकित्सेत सांगितले आहे, की ज्वर गेल्यावर बल येण्यापूर्वीच अपथ्य केल्यास तो परतू शकतो. हा नियम जसाच्या तसा कर्करोगास लावून “आंबट खाल्ले म्हणून”, “चिंता केली म्हणून” रोग परतला असे सांगणे शास्त्रास धरून नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच डोळ्यांस न दिसणाऱ्या पेशी अन्यत्र गेलेल्या असू शकतात. पुढील किमोथेरपीची योजना त्याकरिताच असते. अर्बुद शेष राहण्याविषयी सुश्रुताचार्यांचा इशाराही शस्त्रकर्म करणाऱ्यास आहे, रुग्णास नव्हे. ‘चिंता केल्याने रोग परततो’ असे ऐकलेल्या रुग्णास तर चिंता वाटल्याचीच चिंता लागते.

मग काय सांगावे? आमच्या मते उत्तर साधारणतः असे असावे : “ताई, तो पुन्हा येणार नाही असे वचन मला देता येत नाही. पण कोणती तपासणी कधी करायची, कोणत्या लक्षणाला लगेच जायचे, हे ठरलेले आहे. ते आपण लिहून ठेवू. तुमची झोप, भूक आणि ताकद यांवर मी काम करतो. भीती वाटली तर मला येऊन सांगा.”

पंचविध उपाय

मानस दोषांच्या शमनार्थ चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्या अध्यायात ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी हे पाच उपाय सांगितले आहेत, आणि अकराव्या अध्यायात अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह म्हणजे सत्त्वावजय, अशी व्याख्या केली आहे. या पाच शब्दांचे मूळ अर्थ आध्यात्मिक व व्यापक आहेत. येथे आम्ही त्यांचा व्यवहारातील विनियोग तेवढा मांडीत आहोत.

१. ज्ञान. रुग्णास आपल्या रोगाची खरी माहिती असावी. मुख व घशाच्या कर्करोगात बहुतेक पुनरुद्भव पहिल्या दोन-तीन वर्षांत होतात. म्हणून सुरुवातीस तपासण्या जवळजवळ असतात. हार्मोनसंवेदी स्तनकर्करोगात मात्र पाच वर्षांनंतरही, वीस वर्षांपर्यंत, धोका थोडाथोडा चालू राहतो. तेव्हा ‘पाच वर्षे झाली, आता सुटलो’ हा सरसकट नियम नव्हे. स्तनकर्करोगानंतर सामान्यतः पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढील दोन वर्षे दर सहा ते बारा महिन्यांनी व नंतर वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, आणि दरवर्षी मॅमोग्राफी असा क्रम असतो. लक्षणे नसताना वारंवार सीटी स्कॅन अथवा रक्तातील ट्यूमर मार्कर करविण्याची शिफारस नाही. त्यातून लाभापेक्षा धास्तीच अधिक पदरी पडते.

२. विज्ञान. विज्ञान म्हणजे येथे लक्षणांचा विवेक. प्रत्येक वेदना पुनरुद्भवाची नसते. अ‍ॅरोमाटेज इन्हिबिटर वर्गातील औषधांनी सांधे दुखतात, काही किमोथेरपीनंतर हातापायांस मुंग्या येतात, किरणोपचारानंतर त्वचा व स्नायू आखडतात. हे रुग्णास आधी सांगितले असता निम्मी भीती कमी होते. उलटपक्षी पुढील लक्षणांत वातव्याधी अथवा कास समजून महिनोन्‌महिने औषध देत राहणे घातक आहे : स्तनात, व्रणावर, काखेत अथवा मानेत नवी गाठ, दोन आठवड्यांत न भरणारा मुखव्रण, रात्री वाढणारी व न थांबणारी अस्थिवेदना, टिकून राहिलेला कोरडा खोकला वा दम, विनाकारण वजन घटणे, कावीळ, वांतीसह डोकेदुखी, मलातून रक्त. नवे लक्षण दोन आठवडे टिकले तर कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे. पाठीच्या वेदनेबरोबर पायांतील शक्ती जाणे अथवा मलमूत्रावरील ताबा सुटणे हे तातडीचे लक्षण समजून त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे.

३. धैर्य. धैर्य उपदेशाने येत नाही, कृतीने येते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण होते. किमोथेरपीनंतर तीन वर्षे मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम करणाऱ्या गटात पाच वर्षांनी ८०.३ टक्के रुग्ण रोगमुक्त स्थितीत होते; केवळ माहितीपत्रके दिलेल्या गटात हे प्रमाण ७३.९ टक्के होते. हे अनुमान सर्व कर्करोगांस लावता येणार नाही. परंतु बलानुसार रोज चालण्यास सांगणे हे पथ्य बहुतेक रुग्णांस देता येते. ‘माझ्या हाती काही आहे’ ही भावना त्यातून येते. मुखकर्करोगाच्या रुग्णास तंबाखू, गुटखा, मशेरी व मद्य पूर्ण सोडविणे हे तर सर्वांत मोठे पथ्य. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी आहे, याचे स्मरण औषधालयचालकांनीही ठेवावे.

४. स्मृती. भीतीत स्मृतिभ्रंश होतो. रुग्ण तज्ज्ञांसमोर बसल्यावर विचारावयाचे विसरतो. म्हणून एक वही करावी. तीत निदान, झालेले उपचार, चालू औषधे, पुढील तपासणीची तारीख व विचारावयाचे प्रश्न असावेत. आपण दिलेले प्रत्येक औषधही त्याच वहीत नावानिशी लिहावे. तपासणीच्या आधीचे पंधरा दिवस भीती वाढते, हे वहीवरूनच ध्यानात येते. त्या काळात रुग्णास एकदा मुद्दाम बोलवावे.

५. समाधी. मन एकाग्र करण्याचे अभ्यास, प्राणायाम, नामस्मरण, ज्याचा जो भाव असेल तो. ऑस्ट्रेलियातील २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२२ व्यक्तींवर पुनरुद्भवाच्या भीतीसाठी मानसोपचाराची पाच सत्रे योजिली गेली. लक्ष वळविण्याचा अभ्यास, चिंतेकडे तटस्थपणे पाहणे, योग्य तेवढीच तपासणी करणे आणि आयुष्यात काय महत्त्वाचे ते ठरवून त्याप्रमाणे वागणे असा त्यांचा आशय होता. केवळ शिथिलीकरण शिकविलेल्या गटापेक्षा या गटातील भीती अधिक उतरली. सत्त्वावजयाशी असलेले याचे साम्य सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच. व्यवहारात एक सोपी रीत सांगता येते : दिवसातील पंधरा मिनिटे चिंतेसाठी राखून ठेवावीत, इतर वेळी विचार आला असता ‘त्या वेळी पाहू’ म्हणून हातातील कामाकडे वळावे.

औषधयोजनेतील दक्षता

हळदीचे सत्त्व व मिरीतील पायपरिन एकत्र असलेल्या कॅप्सूलांमुळे टॅमॉक्सिफेनपासून बनणाऱ्या कार्यकारी द्रव्याची रक्तातील पातळी घटल्याचे नेदरलँड्समधील २०१९ च्या अभ्यासात दिसले आहे. स्वयंपाकातील हळदीबद्दल हे नाही. अधिक मात्रेच्या कॅप्सूलांबद्दल आहे. शतावरी, यष्टिमधु यांसारखी, इस्ट्रोजेनसदृश कार्याची शंका असलेली द्रव्ये हार्मोनसंवेदी कर्करोगात तज्ज्ञांना विचारल्याशिवाय दीर्घकाळ देऊ नयेत. थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्यास शंखभस्म, प्रवाळभस्म आदी कॅल्शियमयुक्त कल्प द्यावयाचे झाल्यास किमान चार तासांचे अंतर ठेवावे. काखेतील ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हातावर जळू, रक्तमोक्षण, अग्निकर्म करू नये. सूज असल्यास जोराचे मर्दन टाळावे. जबड्यास किरणोपचार झालेल्या रुग्णाचा दात तज्ज्ञांच्या सल्ल्याविना काढू नये.

औषधालयचालकांसाठी विशेष सूचना अशी, की १९५४ च्या औषधे व जादूटोणायुक्त उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. कर्करोग बरा करण्याची तशीच तो टाळण्याची जाहिरात या कायद्याने निषिद्ध आहे. ‘पुन्हा येऊ नये म्हणून’ काढा मागणाऱ्या ग्राहकास बाटली पुढे करण्यापूर्वी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ एवढे विचारावे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर वैद्याकडे पाठवावे.

आपली मर्यादा

काही आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, घरातील कामे थांबली आहेत, अशी अवस्था झाल्यास मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. जीव नकोसा झाल्याची भाषा रुग्णाच्या तोंडी आल्यास त्यास एकटे सोडू नये व तज्ज्ञांकडे नेण्यास विलंब करू नये. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक चिकित्सालयात दिसेल असा लावावा. घरच्या मंडळींशीही बोलावे. अनेक घरांत रोगाचे नाव उच्चारले जात नाही, आणि त्यामुळे रुग्ण व जोडीदार दोघेही एकाच छपराखाली वेगवेगळे भीत राहतात.

रोग पुन्हा आलाच, तर अशा रुग्णाने सर्वप्रथम निःसंकोच आपल्याकडे येऊन सांगावे, एवढा विश्वास आपल्याविषयी असला पाहिजे. ज्याने हमी दिली त्याच्याकडे रुग्ण परत येत नाही. ज्याने दोष दिला त्याच्यासमोर तो मान वर करीत नाही. म्हणून पुढील वेळी हा प्रश्न आला असता वैद्यबंधूंनी व भगिनींनी क्षणभर पुडी बाजूस ठेवावी, रुग्णास पुन्हा बसवावे आणि वही उघडावी, अशी आमची विनंती आहे.