गर्भपात, स्तनाचा कर्करोग आणि अर्धवट संशोधन

‘पूर्वी गर्भपात केला होता, त्यामुळे तर ही गाठ आली नसेल ना?’ नवरा किंवा सासू खोलीबाहेर गेली की अनेकजणी दबक्या आवाजात हे विचारतात. उत्तर स्पष्ट आहे: नाही. गर्भपातामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढत नाही.

मग ‘संशोधनातून सिद्ध झालंय’ असं सांगणारे मेसेज येतात कुठून? तसे निष्कर्ष काढणारे अभ्यास खरोखर झाले, पण त्यांची पद्धत सदोष होती. कर्करोग झालेल्या आणि निरोगी अशा दोन्ही गटांतल्या स्त्रियांना मागचे गर्भपात आठवून सांगायला लावलं. आजारी बाई ‘मलाच हे का झालं?’ या विचाराने सगळं आठवून सांगते. निरोगी बाई परक्या माणसापुढे इतकी खासगी गोष्ट कशाला बोलेल? ती ‘नाही’ म्हणून मोकळी होते. मग कागदावर आजारी गटातले गर्भपात जास्त दिसतात.

डेन्मार्कमध्ये मात्र आठवणीवर विसंबावं लागत नव्हतं, कारण गर्भपाताची नोंद तेव्हाच्या तेव्हा सरकारदरबारी होत असे. तिथल्या १५ लाख स्त्रियांच्या नोंदी तपासून १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकंदरीत धोका वाढलेला आढळला नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १६ देशांतल्या ५३ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण छापलं, त्यात कर्करोग झालेल्या ८३ हजार स्त्रियांची माहिती होती. ज्या अभ्यासांत गर्भपाताची नोंद आजाराआधीच झाली होती, त्यांत धोका वाढलेला नव्हता.

एक गोष्ट खरी आहे: कमी वयात पूर्ण दिवसांचं बाळंतपण झालं, तर पुढे या कर्करोगाचा धोका काहीसा कमी होतो. पण ते संरक्षण न मिळणं म्हणजे गर्भपाताने कर्करोग होणं नव्हे.

पुढच्या वेळी असा दावा वाचलात, तर तीन गोष्टी विचारा. माहिती आजाराआधी नोंदवली की नंतर विचारली? तुलना कुणाशी केली? एकच अभ्यास दाखवलाय की सगळे मिळून?

जुन्या गर्भपाताचा अपराधीपणा बाळगून तपासणी टाळू नका. स्तनात गाठ, त्वचेवर खळी, बोंडातून रक्तस्राव, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गर्भपाताची माहितीही मोकळेपणाने सांगा. ती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. गाठीचं खरं कारण तपासणीतूनच कळेल आणि वेळेत निदान झालं, तर उपचारांना उत्तम यश येतं.