खडूचे रंग : पेस्टल माध्यमाविषयी थोडेसे
(द्वितीय वर्ष, कला)

चित्रकलेचा विषय निघाला की आपल्यासमोर प्रथम तैलरंग येतात, मग जलरंग. पेस्टलचे नाव सहसा कोणी घेत नाही. घेतलेच तर ते शाळकरी मुलांचे माध्यम म्हणून, नाहीतर कापडाच्या दुकानात फिकट रंगाच्या साडीला ‘पेस्टल शेड’ म्हणतात म्हणून. हे दोन्ही समज माझेही होते. गेल्या वर्षी या माध्यमाचा थोडा अभ्यास करण्याचा योग आला आणि ते दोन्ही समज चुकीचे निघाले. तो अभ्यास येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहे. मी चित्रकलेचा रीतसर विद्यार्थी नाही. शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, एवढेच. तेव्हा जाणकार प्राध्यापकांनी उणिवा पोटात घालाव्यात.

सुरुवात दुकानापासूनच करतो. गुलमंडीवर पेस्टल मागितले तेव्हा दुकानदाराने तेलखडूची पेटी पुढे केली. त्यात त्याची चूक नव्हती. आपल्याकडे पेस्टल म्हणजे तेलखडू हेच रूढ आहे. पण तेलखडू हे या घराण्यातले अगदी धाकटे भावंड आहे. १९२५ मध्ये जपानमधील साकुरा कंपनीने लहान मुलांसाठी ते बाजारात आणले. त्यात रंग मेण आणि तेल यांत कालवलेला असतो. खऱ्या पेस्टलमध्ये तेलही नसते आणि मेणही नसते. असते ती रंगाची पूड, थोडी खडूची किंवा पांढऱ्या मातीची पूड आणि या दोहोंना जेमतेम धरून ठेवण्यापुरते डिंकाचे पाणी. इटालियन भाषेत मळलेल्या कणकेला ‘पास्ता’ म्हणतात. पेस्टल हा शब्द त्याच कुळातला. रंग कणकेसारखा मळायचा, वळायचा आणि सावलीत वाळवायचा, म्हणून हे नाव.

‘जेमतेम’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पेस्टलचे सारे मर्म त्यात आहे, आणि ते मला पुस्तकातून कळले नाही.

माझे वडील रंगारी आहेत. घरांना चुना लावणे, डिस्टेंपर मारणे, दारे-खिडक्या रंगवणे हा त्यांचा धंदा. (‘चुना लावणे’ या शब्दप्रयोगावरून वर्गात माझी पुष्कळ थट्टा झाली. पहिल्या वर्षी मी वडिलांचा व्यवसाय विचारला की ‘कंत्राटी काम’ असे मोघम सांगत असे.) ग्रंथालयातल्या एका पुस्तकात पेस्टलच्या कांड्या घरी करण्याची कृती वाचली आणि दिवाळीच्या सुटीत गावी प्रयोग करायचे ठरवले. रंग म्हणून गेरू घेतला. तो कुटला, पाण्यात ढवळला, जाड रेती खाली बसू दिली आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात निथळून घेतले. त्या पाण्याच्या तळाशी जो मऊ साका बसतो तो खरा रंग. अण्णा लांबी भरण्यासाठी खडूची पूड वापरतात, तीच पांढऱ्यासाठी घेतली. बाभळीचा डिंक भिजवला, सगळे मळले आणि बोटाएवढ्या कांड्या वळून माळवदावर सावलीला ठेवल्या.

चार दिवसांनी त्या कांड्या दगडासारख्या झाल्या. वर एक कडक कवच आले होते. कागदावर रंग उतरेना, कागदच ओरखडला. दुसऱ्या खेपेला डिंक इतका कमी केला की कांडी हातात घेताच तिचा भुगा झाला. अण्णा ओट्यावर बसून हे पाहत होते. ते म्हणाले, “चुन्याला डिंक कमी पडला तर भिंत अंगाला लागते. जास्त पडला तर पोपडे धरती. तुला अंगाला लागणारी भिंत पाहिजे का न लागणारी, ते आधी ठरव.”

मला अंगाला लागणारीच भिंत पाहिजे होती. पेस्टल म्हणजे तेच. कांडी कागदावर टेकताच तिने आपला रंग सोडून दिला पाहिजे, आणि तरीही ती हातात शाबूत राहिली पाहिजे. म्हणून जुने कारागीर बाभळीच्या डिंकाऐवजी ट्रॅगाकांथ नावाचा, पाण्यात नुसता फुगणारा दुबळा डिंक वापरीत. आपल्या किराणा दुकानात मिळणारा कतीरा त्याच जातीचा. शिवाय प्रत्येक रंगाची डिंकाची भूक वेगळी असते. मातीचे काही रंग आपले आपणच धरून राहतात, तर काजळीसारखा रंग पाण्यात भिजायलाच तयार नसतो. अण्णांनी तिसऱ्या खेपेचे प्रमाण नुसत्या बोटांच्या चिमटीत अंदाजाने सांगितले. त्या कांड्या बऱ्या उतरल्या.

आता कागदाकडे वळू. गुळगुळीत कागदावर पेस्टल टिकत नाही. कागदाला दाणा लागतो, म्हणजे बारीक खरखरीतपणा. त्या दाण्यांच्या खाचांत रंगाचे कण अडकून बसतात. खाचा भरल्या की कागद आणखी रंग घेत नाही, वरचा थर नुसता घसरतो. म्हणून चित्रकाराला पहिल्या रेघेपासून हिशेब ठेवावा लागतो. बहुतेक चित्रकार पांढरा कागद न घेता करडा, निळसर किंवा तपकिरी घेतात. त्यामुळे मधली छटा फुकट मिळते आणि गडद व उजळ तेवढे भरायचे उरते. आधी कोळशाने पुसट आराखडा, मग कडक कांडी आडवी धरून मोठे गडद भाग, त्यावर मधल्या छटा, आणि सर्वांत मऊ कांडीने शेवटी उजेड, असा साधारण क्रम असतो. जलरंगात नेमके उलटे, तेथे उजेड आधीपासून राखून ठेवावा लागतो.

पेस्टलचे रंग तबकडीवर कालवता येत नाहीत. हिरवा हवा असेल तर हिरवी कांडीच पाहिजे. नाहीतर निळ्या रेघांवर पिवळ्या रेघा ओढाव्या लागतात आणि मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यात होते. त्यामुळे येथे रेखाटन आणि रंगकाम या दोन पायऱ्या राहत नाहीत. प्रत्येक रेघ एकाच वेळी आकारही दाखवते आणि रंगही. हात दाबला की रेघ ठसठशीत, सैल सोडला की नुसते धुके. मध्ये ना कुंचला ना पाणी. चित्रकाराच्या मनाची घाई, संकोच, राग जसाच्या तसा कागदावर पडतो. या माध्यमाला भावदर्शी म्हणतात ते मला वाटते याचमुळे. बोटाने सगळे चोळून गुळगुळीत करण्याचा मोह नवशिक्याला फार होतो. मलाही झाला, आणि काढलेल्या बैलाचा पार लगदा झाला.

युरोपात या माध्यमाला अठराव्या शतकात मोठी प्रतिष्ठा मिळाली. व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा ही चित्रकर्ती १७२० साली पॅरिसला गेली आणि तिच्या व्यक्तिचित्रांनी तेथे पेस्टलची लाट आली. मोरिस कांतँ द ला तूर याने मादाम द पाँपादूर हिचे चित्र १७५५ मध्ये प्रदर्शित केले. ते सुमारे पावणेदोन मीटर उंच आहे, म्हणजे पुरुषभर. कागदाचे तुकडे जोडून एवढे चित्र खडूने केले, ही गोष्ट ‘शाळकरी माध्यम’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. शार्दँ या थोर चित्रकाराची दृष्टी म्हातारपणी अधू झाली. तैलरंग झेपेनासे झाले तेव्हा तो पेस्टलकडे वळला, आणि १७७१ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर त्याने नाकावर चष्मा असलेले स्वतःचे चित्र काढले. ते लूव्र संग्रहालयात आहे. छापील चित्रात पाहिले तरी त्याच्या गालावर सुट्या, वेगवेगळ्या रंगांच्या रेघा स्पष्ट दिसतात.

पण पेस्टलला खरे वाकवले ते देगा (१८३४–१९१७) याने. त्याने उकळत्या पाण्याची वाफ सोडून कागदावरचा रंग ओला केला आणि तो कुंचल्याने फिरवला. थरावर थर चढवता यावेत म्हणून प्रत्येक थर द्रवाचा फवारा मारून पक्का केला. चित्र वाढू लागले की तो कागदाला पट्ट्या जोडी. त्याचीही दृष्टी पुढे मंदावत गेली आणि त्या काळातल्या त्याच्या नर्तिकांच्या अंगावर रेघा अक्षरशः पेटल्यासारख्या वाटतात. फिकट म्हणावे असे त्यांत काही नाही.

येथे आपल्या शेजारच्या अजिंठ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आपल्या शहरापासून शंभर किलोमीटरवर असलेली ती चित्रे पेस्टल नव्हेत हे उघड आहे. पण ती ओल्या गिलाव्यावर केलेली नसून कोरड्यावर केलेली आहेत. माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप, त्यावर पातळ पांढरा हात, आणि वर डिंक किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग तर आपल्या पायाखालचे. निळा तेवढा लाजवर्दाचा, अफगाणिस्तानातील बदख्शानहून आलेला. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छायाप्रकाशाच्या तीन रीती सांगितल्या आहेत, पत्रज, आहैरिक आणि बिंदुज. रेघांनी, बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी उठाव आणण्याच्या या रीती वाचताना मला शार्दँच्या गालावरच्या रेघा आठवल्या. या दोहोंचा संबंध आहे असा माझा दावा नाही. कोरड्या, चमक नसलेल्या रंगाला उठाव द्यायचा तर हाताला सुचणारे मार्ग थोडेच असतात, इतकेच.

दुसरे साम्य मात्र अधिक गंभीर आहे. पेस्टलच्या कणांमध्ये हवा असते. प्रकाश त्या कणांवर आपटून सर्व बाजूंना विखुरतो, म्हणून रंग मखमली आणि ताजा दिसतो. पक्केपणासाठी त्यावर द्रव फवारला की हवेच्या जागा भरतात आणि रंग गडद, मलूल होतो. म्हणून पुष्कळ चित्रकार शेवटच्या थरावर फवारा मारीत नाहीत. चित्र चौकटीत घालताना काच कागदाला टेकू देत नाहीत. अनेक संग्रहालये आपली पेस्टल चित्रे बाहेरगावी पाठवायला सहजी तयार होत नाहीत, कारण प्रवासातल्या हादऱ्यांनी रंग झडतो. एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याच्या प्रती करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फासले. पुढे निजामाच्या कारकिर्दीत, १९२० ते १९२२ या काळात, इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी निसटते पापुद्रे चिकटवून पुष्कळ चित्रे वाचवली, पण त्यासाठी वापरलेली लाखही कालांतराने पिवळी-काळी पडली. हे थर काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याला पुढे कित्येक वर्षे करावे लागले. टिकवावे तर रंग जातो, रंग राखावा तर टिकत नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीसमोर सहलीत उभा असताना मार्गदर्शक सांगत होता ते मी निम्मे ऐकलेच नाही. अण्णांच्या अंगाला लागणाऱ्या भिंतीचाच विचार चालला होता.

आपल्या घरोघरची रांगोळी तर याच्याही पुढची. तिच्यात डिंक मुळीच नाही. त्या कोरड्या पुडीने गुणवंत मांजरेकरांसारख्या कलावंतांनी जमिनीवर व्यक्तिचित्रे घडवली, आणि ती पुसली जाणार हे ठाऊक असून घडवली.

ज्यांना प्रयोग करायचा असेल त्यांच्यासाठी दोन सूचना. कागदावरची पूड फुंकर मारून उडवू नये, कागद उभा धरून मागून टिचकी मारावी. ती पूड श्वासावाटे आत जाते, आणि विकतच्या काही रंगांत विषारी धातू असतात. दुसरे, प्रत्येक रंगाच्या निदान तीन छटा कराव्यात, निव्वळ रंग, अर्धा पांढरा आणि बहुतेक पांढरा. त्यावाचून चेहरा काढता येत नाही.

मी तो काढला. विटकरी रंगाच्या तीन छटा, काजळी आणि खाकी कागद एवढ्यावर अण्णांचे चित्र केले. त्यांनी ते हातात धरून बराच वेळ पाहिले. मग अंगठा हळूच कोपऱ्यावर फिरवला, अंगठ्याला लागलेला गेरू पाहिला आणि म्हणाले, “डिंक बराबर पडलाय.” चित्राच्या कोपऱ्यात तो अंगठा उमटला आहे. तो मी पुसला नाही.