बिलाचं बिल होईना

दुकानदारांसाठीचं आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर जावात लिहिलेलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला बिलाचा नमुना वेगळा हवा असतो, म्हणून छपाईचा भाग मूळ प्रोग्रॅममधून काढून प्लगइनमध्ये टाकला. गिऱ्हाइकागणिक एक जार फाइल, ती ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवली की झालं. घाईत स्वतःचा इंटरफेससुद्धा केला नव्हता. जावातलाच फंक्शन वापरला, आत बिल जाणार, बाहेर छापायचा मजकूर येणार. ऑफिसात सगळं सुरळीत चाललं. गिऱ्हाइकाकडे पहिल्याच बिलाला क्लासकास्ट एक्सेप्शन. लॉगमधली ओळ वाचून मी चष्मा पुसला: बिल या क्लासचं रूपांतर बिल या क्लासमध्ये होत नाही म्हणे. पॅकेजसकट नाव अक्षर न् अक्षर तेच!

दीड दिवस मी भलतीकडेच शोधत होतो. जुनी जार राहिली असेल, बिल्ड अर्धवट झालं असेल. मशीन दोनदा रीस्टार्ट केलं. शेवटी वैतागून दोन्हीकडे एकेक ओळ घातली: या बिलाचा क्लासलोडर कोण, ते छाप. उत्तरं दोन आली.

जावाच्या व्हर्च्युअल मशीनला क्लासची ओळख नुसत्या नावावरून पटत नाही. नाव आणि तो क्लास घडवणारा लोडर, अशी जोडी लागते. वर्गात दोन संतोष असले की हजेरीला बापाचं नाव लावतात, तसंच. फक्त जावा ८ चा एरर मेसेज हे मधलं नाव गाळायचा. जावा ११ पासून लोडरही छापला जातो. आमचं गिऱ्हाईक अजून ८ वर होतं.

दोन बिलं आली कुठून? प्लगइन लिहिणाऱ्या सहकाऱ्याने फॅट जार बांधली होती, म्हणजे लागेल ते सगळं आत कोंबलेलं, त्यात आमचे सामायिक क्लासही. एवढ्याने बिघडलं नसतं, कारण लोडर सहसा आधी पालक लोडरला विचारतो, त्याच्याकडे नसेल तरच स्वतःची जार उघडतो. पण हा क्रम मीच उलटा केला होता. मूळ प्रोग्रॅममध्ये जॅक्सन लायब्ररी जुनी, प्लगइनला नवी हवी, म्हणून. आणि एक्लिप्समधून चालवताना सगळं एकाच क्लासपाथवर, एकाच लोडरच्या पदरात, त्यामुळे ऑफिसात काही दिसलंच नाही.

तुम्ही असं काही बांधणार असाल तर सामायिक गोष्टींची वेगळी, छोटी जार करा: इंटरफेस आणि दोन-चार साधे डेटा क्लास, बस्स. ती चढवायची फक्त मूळ प्रोग्रॅमने. प्लगइनने मेवनमध्ये ती 'प्रोव्हायडेड' म्हणून लावायची, म्हणजे कंपाइल करताना दिसते पण जारमध्ये जात नाही. लोडरचा क्रम उलटा करावाच लागला, तर सामायिक पॅकेज त्यातून वगळा, ते कायम पालकाकडूनच येऊ द्या.

हे सगळं करूनही मी पुन्हा आपटलो. नव्या इंटरफेसमधली एक मेथड जॅक्सनचा जेसन-नोड परत करत होती. बिल एक झालं, नोड मात्र दोन राहिले. या वेळी लिंकेज एरर. म्हणून सांगतो, प्रोग्रॅम आणि प्लगइन यांच्यात जे देवघेवीला येतं, त्यात तिसऱ्याची लायब्ररी नको. मी ती मेथड साधी स्ट्रिंग परत करणारी केली. दिसायला गबाळी, पण भांडण मिटलं.

एरर येते ते बरंच म्हणायचं. एका प्लगइनला बिलातल्या ओळींची यादी जात होती आणि तिथे कास्टऐवजी इन्स्टन्सऑफ लावलेलं होतं. त्याचं उत्तर गुपचूप 'नाही' यायचं, आणि सवलतीची ओळ बिलावर छापलीच जायची नाही. ते दुकानदाराच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

विंडोजवर प्लगइन बदलताना 'फाइल वापरात आहे' असं अडलं, तर जुना यूआरएल-क्लासलोडर बंद करायचा राहिला असेल. त्याला जावा ७ पासून क्लोज मेथड आहे.

आता बिल्डच्या शेवटी पाच ओळींची स्क्रिप्ट चालते. प्रत्येक प्लगइनच्या जारमधल्या फाइलींची यादी काढायची, त्यात सामायिक पॅकेज सापडलं तर बिल्ड तिथेच पाडायचं. पहिल्या दिवशी तीन प्लगइन अडकले. त्यातला एक माझा होता.