कोयत्यामागच्या पोरांचा शिक्षणखर्च: आखाजी ते दसरा
जळगाव-धुळ्यातल्या स्थलांतरित आणि निर्वासित कुटुंबांतील तरुणांसाठी: काय फुकट, कशाला किती, आणि कोणाला काहीच द्यायचे नाही

चाळीसगाव तालुक्यातल्या तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. साक्री-शिरपूरकडच्या पाड्यांवरची अनेक कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांची वाट धरतात. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणी नाशिक-पुण्याच्या बांधकामावर. परत यायला आखाजी उजाडते. मधल्या महिन्यांत घराला कुलूप असते, आणि त्याच काळात शाळेचे दुसरे सत्र, परीक्षेचे फॉर्म आणि शिष्यवृत्तीच्या तारखा येऊन जातात.

या कुटुंबांतल्या मुलांसाठीच्या बहुतेक सरकारी सोयी फुकट आहेत. पैसे जातात ते हुकलेल्या तारखेपायी: एजंटाला दिलेले, दुसऱ्यांदा मारलेल्या फेरीचे, बुडालेल्या मजुरीचे. म्हणून पहिला नियम असा की कागदांची सगळी कामे आखाजी ते दसरा या काळात उरकायची. उचल घेतल्यावर मुकादम कोणासाठी थांबत नाही.

आधी कागद

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, आधारशी जोडलेले बँक खाते आणि शाळा सोडल्याचा दाखला, एवढे पाच कागद असले की जवळजवळ प्रत्येक अर्ज भरता येतो. दाखले ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातून निघतात. केंद्रात दरफलक लावलेला असतो. त्यावरची रक्कम द्या आणि पावती घ्या. उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. जातीच्या दाखल्याला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज सर्वांत आधी टाका.

प्रतिज्ञापत्रासाठी कोणी स्टॅम्प पेपर आणायला सांगितले तर घाई करू नका. जात, उत्पन्न, अधिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क राज्य सरकारने १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ केले आहे. साधा कागद चालतो. हा एक नियम माहीत असला तरी दर दाखल्यामागे पाचशे रुपये वाचतात.

बारावी विज्ञानाला असलेल्या मुलाने जात पडताळणीचा अर्ज त्याच वर्षी कॉलेजमार्फत द्यावा. इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगच्या प्रवेशाच्या वेळी धावपळ केली, तर राखीव जागा हातची जाऊ शकते.

फडावर किंवा भट्टीवर बाळ जन्मले तर नोंद जन्म झाला त्या ठिकाणीच होते, आपल्या गावी नाही. २१ दिवसांच्या आत ती फुकट आहे. त्यानंतर विलंब शुल्क लागते, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. बारडोलीत जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यासाठी वर्षभराने साक्रीहून जायचे म्हणजे दोन माणसांचे भाडे आणि दोन-तीन दिवसांची मजुरी गेली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखलाच दाखवावा लागतो.

शाळेतली मुले: मागे ठेवायची की सोबत न्यायची?

मागे ठेवायची असतील तर दोन वाटा आहेत. पहिली, हंगामी वसतिगृह. आई-वडील बाहेर असताना गावातच मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय समग्र शिक्षा अभियानातून होते. कुटुंबाला खर्च नाही. पण मुलांची यादी टोळ्या निघण्याआधी शाळेकडून जावी लागते, म्हणून गणपतीच्या सुमारासच मुख्याध्यापकांकडे नाव द्या.

दुसरी, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी राज्याने २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहे मंजूर केली. प्रत्येकाची क्षमता १००. दहा जिल्ह्यांच्या त्या यादीत जळगाव आहे, धुळे नाही. राहणे-जेवणे मोफत. त्यासाठी पालकांकडे ऊसतोड कामगार असल्याचे ओळखपत्र हवे. ते ग्रामसेवकाकडून मिळते आणि त्याचे पैसे लागत नाहीत. पुढची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेतले जातात आणि तेवढीच भर सरकार घालते. म्हणजे हा पैसा तुम्ही तोडलेल्या उसावरच जमा होतो. मागताना संकोच नको.

मुले सोबत न्यायची असतील तर निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत मूल थेट त्याच्या वर्गात बसते. कार्ड किंवा दाखला नसला तरी शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही हे कारणही चालत नाही. प्रवेशासाठी देणगी किंवा फी मागितली तर तीही बेकायदा आहे.

धान्याचेही पाहून ठेवा. रेशनकार्ड आधारशी जोडलेले असेल तर देशात कुठल्याही रेशन दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते. प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो, तेही फुकट. घरातले काही जण फडावर आणि मुले गावी असतील, तर वाटा दोन्हीकडे विभागून घेता येतो.

बारावीनंतर: खोली, मेस आणि वर्षाचे ४३ हजार

कॉलेजच्या फीपेक्षा जळगाव-धुळ्यात राहण्याचा खर्च जड जातो. आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज करा. आदिवासी मुलांसाठी यावल आणि धुळे इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत. पावरा, भिल्ल, तडवी, कोकणा मुलांनी तिथेच चौकशी करावी.

वसतिगृहात जागा मिळाली नाही तर रोख मदत मिळते. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, अनुसूचित जातीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आणि बंजारा, वंजारी अशा भटक्या-विमुक्त तसेच ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. रकमांचा साचा तिन्हींचा सारखाच आहे.

– पुणे, मुंबई, नागपूर अशी मोठी शहरे: वर्षाला ६०,००० रुपये
– विभागीय शहरे आणि ‘क’ वर्ग महापालिका: ५१,००० रुपये
– जिल्ह्याचे ठिकाण: ४३,००० रुपये
– तालुक्याचे ठिकाण: ३८,००० रुपये

जिल्ह्याच्या ठिकाणच्या ४३ हजारांत जेवणाचे २५,०००, खोलीचे १२,००० आणि हातखर्चाचे ६,००० धरलेले आहेत. दहा महिन्यांचा हिशेब केला तर जेवणाला महिना अडीच हजार आणि खोलीला बाराशे पडतात. बाराशेत एकट्याला खोली मिळणे कठीण. तिघा-चौघांनी मिळून घेतली आणि डबा लावण्याऐवजी आळीपाळीने स्वयंपाक केला, तर मेळ बसतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, आणि कॉलेज ज्या गावात आहे तिथलेच तुम्ही रहिवासी असता कामा नये. शिवाय हे पैसे हप्त्यांनी आणि उशिरा येतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांचे भाडे, किराणा आणि खोलीचे डिपॉझिट उन्हाळ्यातच बाजूला काढा. ते नसेल तर पोरगा पहिल्या सत्रातच घरी परततो, किंवा वडिलांच्या उचलीत त्याचेही नाव चढते.

फी, पुस्तके, प्रवास

पात्र आदिवासी आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिकवणी फी आगाऊ घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. कॉलेजने मागितली तर मागणी लेखी द्यायला सांगा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी नव्याने भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी विसरला, असे फार होते.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी सवलत आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त, मराठा आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एकच, प्रवेश केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून घेतलेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर माफी नाही.

एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्साच भरायचा. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा पास फुकट मिळतो. त्यापुढच्या मुलींना पास काढला नाही तरी मार्च २०२३ पासून सर्व महिलांना असलेली अर्ध्या तिकिटाची सवलत आहेच.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अखत्यारीत जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. तिथल्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी प्रवेश घेतानाच कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात करा. जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प दिव्यांग आणि अनाथ तरुणांना राहण्यासह स्पर्धा परीक्षेची तयारी करून देतो. फडावरच्या अपघातात हात-पाय गमावलेला किंवा आई-वडिलांचे छत्र हरपलेला मुलगा ओळखीचा असेल, तर त्याला हा पत्ता सांगा.

बांधकामावरच्या कुटुंबांसाठी

घरातला कोणी वर्षात ९० दिवस बांधकामावर असेल तर त्याने बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. नोंदणीला १ रुपया आणि वर्षाला १ रुपया. त्यावर पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवी २,५०० रुपये, आठवी ते दहावी ५,०००, अकरावी-बारावी १०,०००, पदवीला २०,०००, इंजिनिअरिंगला ६०,००० आणि वैद्यकीय शिक्षणाला १ लाख रुपये वर्षाला मिळतात. नूतनीकरण चुकले तर मदत थांबते. नोंदणी करून देतो म्हणून कोणी हजार-दोन हजार मागितले, तर ते सगळे त्याच्या खिशात जातात.

उत्तर प्रदेश-बिहारमधून जळगावच्या एमआयडीसीत किंवा धुळ्याच्या यंत्रमागांवर आलेल्या कुटुंबांचे गणित वेगळे आहे. महाराष्ट्राच्या अधिवासासाठी साधारण १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. इथल्या जातीच्या सवलतींसाठी पूर्वजांचे त्याहून जुने वास्तव्य लागते, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. ते नसेल तर दाखल्याच्या मागे पैसे घालू नका. मुलांचे शाळाप्रवेश, रेशन आणि ई-श्रम नोंदणी याला अधिवास लागत नाही. ई-श्रम १६ ते ५९ वयाच्या कोणत्याही असंघटित कामगाराला फुकट काढता येते.

पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबे

फाळणीनंतर जळगावात वसलेला सिंधी समाज आज शहराच्या व्यापाराचा भाग आहे. पण नंतरच्या काळात आलेली कुटुंबे अजून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. त्यांच्या मुलांना या व्हिसावर शाळा-कॉलेजात प्रवेश मिळतो. बँक खाते, पॅन, आधार आणि वाहन परवानाही काढता येतो.

३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती व्यक्तींना नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली अर्ज करता येतो. नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. अर्ज ऑनलाइन, फी ५० रुपये. जुना पासपोर्ट, तिकडचा शाळेचा दाखला, जमिनीचा कागद असे काहीही जपून ठेवलेले उपयोगी पडते. त्या तारखेनंतर, पण ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने राहण्याची मुभा आहे, नागरिकत्व नाही. कोणी ‘काम करून देतो’ म्हटले तर दूर राहा.

तरुणांनी एक तपासावे. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल आपोआप नागरिक होत नाही. आई किंवा वडील भारतीय नागरिक आणि दुसरे कायदेशीररीत्या आलेले असावे लागतात. नीटचा किंवा पासपोर्टचा फॉर्म भरण्याआधी हे स्पष्ट करून घ्या.

अडले तर

दाखला मुदतीत मिळाला नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करा. तिथे दाद लागली नाही तर दुसरे, आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे. अर्जाची पावती हाच पुरावा. त्यामुळे पावतीशिवाय अर्ज कुठेही सोडू नका. कारण नसताना दाखला अडवला हे सिद्ध झाले, तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो, आणि तो त्याच्याच पगारातून जातो.