हिसका मारणाऱ्या कुत्र्यासाठी छातीपट्ट्याची निवड

राखणीसाठी कुत्रा पाळण्याची चाल आपल्या ग्रामीण जीवनात फार जुनी आहे. मळ्यातील खोप असो, मेंढरांचा वाडा असो वा गावातील घर असो, कुत्रा हा कुटुंबाचाच एक घटक मानला जातो. तथापि, रस्त्यांवरील वाहनांची वर्दळ वाढल्यामुळे कुत्रा मोकळा सोडणे धोक्याचे झाले आहे. आणि त्याला रात्रंदिवस साखळीला जखडून ठेवणे हे क्रौर्य आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ अन्वये जनावरास अवाजवी काळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हा अपराध आहे. म्हणून कुत्र्याला दोरीने धरून नियमितपणे फिरविणे हाच मार्ग उरतो. कुत्रा ताकदवान व चटकन उत्तेजित होणारा असेल, तर त्याला कशाने धरावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मुधोळ कुत्र्याचे उदाहरण

बेळगाव सीमाभाग व शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ जातीचे कुत्रे सर्वपरिचित आहेत. महाराष्ट्रात यासच कारवानी म्हणतात. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या संवर्धनास आश्रय दिला. २००५ साली भारतीय डाक खात्याने या कुत्र्याचे चित्र असलेले तिकीट काढले. मुधोळजवळील तिम्मापूर येथे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे.

हा शिकारी कुत्रा वासापेक्षा नजरेवर अधिक अवलंबून असतो. ससा, मांजर, करडू किंवा भरधाव दुचाकी दिसताच तो क्षणार्धात झेप घेतो. त्याची छाती खोल, कंबर बारीक, मान लांब आणि डोके अरुंद असते. त्यामुळे साधा गळपट्टा डोक्यावरून सहज निसटतो, आणि घट्ट आवळल्यास गळा दाबतो. सुटलेला कुत्रा वाहनाखाली सापडतो किंवा एखाद्या बालकास चावतो. मग घरातील माणसे भयाने त्याला कायमचे बांधून टाकतात अथवा दूर नेऊन सोडतात. एका चुकीच्या पट्ट्यापायी एवढा अनर्थ ओढवू शकतो.

गळपट्ट्याचे दोष

बैलाच्या गळ्याला दोर बांधून नांगर ओढविण्याचे कोणी मनातही आणीत नाही. जू मानेवर, वशिंडापुढे ठेवले जाते, आणि टांग्याच्या घोड्याचा जोर छातीवर व खांद्यावर घेतला जातो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र सर्व ओढ श्वासनलिकेवर पडू दिली जाते. त्यामुळे खोकला व घुसमट होते. गळपट्टा ओढला गेल्यास कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, छातीपट्ट्याने तसा वाढत नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळून आले. काटेरी वा फास बसणारी साखळी तर सर्वथा टाळावी. समोर दुसरा कुत्रा दिसला की गळ्याला वेदना होते, अशी सांगड जनावराच्या मनात बसली, म्हणजे त्याचे भय व आक्रमकता उलट वाढते.

छातीपट्ट्याचे प्रकार

बाजारात हार्नेस या नावाने मिळणाऱ्या छातीपट्ट्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात दोरी अडकविण्याची कडी पाठीवर असते. गळ्याला त्रास होत नाही हा याचा गुण. परंतु ओढणाऱ्या कुत्र्याला अंगाचा सर्व भार पुढे टाकता येतो, हा दोष. बर्फावरील घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांचा साजही याच तत्त्वावर असतो. दुसऱ्या प्रकारात कडी छातीसमोर असते. कुत्रा पुढे झेपावताच त्याचे अंग धरणाऱ्याकडे वळते व जोर ओसरतो. ताकदवान कुत्र्यासाठी छातीवर व पाठीवर अशा दोन्ही कड्या असलेला पट्टा घेणे हितावह होय.

मुधोळसारख्या बारीक कमरेच्या कुत्र्यासाठी बरगड्यांच्या मागे कमरेभोवती येणारा तिसरा बंद असावा. कुत्रा मागे सरून अंग काढून घेऊ लागला, तरी हा बंद रुंद छातीवरून पुढे सरकत नाही.

माप व पारख

खरेदीपूर्वी दोन मापे घ्यावीत: मानेच्या बुडाचा घेर आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा सर्वांत रुंद घेर. पट्टा चढविल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. प्रत्येक बंदाखाली दोन बोटे आडवी सहज जावीत, अधिक नव्हे.
२. पुढील बंद गळ्यावर न येता छातीच्या हाडावर टेकावेत.
३. पोटाखालचा बंद कोपरापासून तीन ते चार बोटे मागे असावा. अन्यथा काखेत घासून जखम होते.
४. कड्या अखंड वा सांधजोड पक्की केलेल्या धातूच्या असाव्यात. शिवण दुहेरी असावी.

पट्ट्याने खांद्याच्या हालचालीवर थोडाफार परिणाम होतोच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खांदा मोकळा ठेवणारा म्हणून विकला जाणारा पट्टाही यास अपवाद नसल्याचे दिसले. सबब केवळ नावावर विसंबू नये. पट्टा घालून कुत्र्यास चालवून पाहावे आणि घरी आल्यावर तो उतरवावा. पावसाळ्यात ओला पट्टा अंगावर राहू दिल्यास कातडी चिघळते.

दोरी पाच ते सहा फूट लांब असावी. दोरी जितकी लांब, तितका झेपेचा वेग अधिक आणि शेवटचा हिसका जबर. ती मनगटाला गुंडाळू नये, तसेच अशा कुत्र्याची दोरी मुलांच्या हाती देऊ नये. एक जोड दोरी गळपट्ट्यालाही सैल अडकविल्यास, पट्टा तुटला तरी कुत्रा सुटत नाही.

शिकवणुकीची जोड

छातीपट्टा हे साधन आहे, शिक्षण नव्हे. प्रथम काही दिवस घरातच पट्टा दाखवून खाऊ द्यावा, मग तो अंगावर चढवावा. फिरताना दोरी ताणली की थांबावे; सैल झाली की चालू लागावे. कुत्रा उत्तेजित होतो तो बहुधा भीतीने वा अनावर उत्सुकतेने, दुष्टपणाने नव्हे. समोरचे जनावर दिसूनही तो हातचा खाऊ घेतो, तेवढे अंतर ओळखावे व तेथूनच सराव सुरू करावा. खाऊ नाकारू लागला तर अंतर कमी पडले असे समजून मागे फिरावे. मारहाण करू नये. शांत कुत्रा अचानक चिडका झाल्यास दुखणे असण्याचा संभव असतो; पशुवैद्यकास दाखवावे.

कुत्र्यास तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्याव्यात. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून विनाविलंब आरोग्य केंद्र गाठावे, ही गोष्ट शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्यास सांगणे अगत्याचे आहे. अनोळखी कुत्र्यापुढे धावू नये, हेही मुलांना शिकवावे.

ताकदवान कुत्रा पाळणे म्हणजे त्याच्या ताकदीची जबाबदारी स्वीकारणे होय. योग्य मापाचा पट्टा, आखूड दोरी आणि रोजचा थोडा सराव एवढ्या बळावर घरची राखणही होते, वाटसरूही निर्धास्त राहतात आणि मुक्या जनावरालाही सुखाने चालता येते.