तीव्र बुद्धि आणि अडखळतें वाचन

बुद्धि आणि वाचन हे दोन निरनिराळे गुण आहेत. पण शाळेंत त्यांचा विचार बहुधा एकत्रच केला जातो. जो मुलगा धडा घडाघडा वाचतो तो हुशार आणि जो अडखळतो तो मंद, असा निवाडा वर्षाच्या आरंभींच होऊन जातो. कांहीं मुलें मात्र विचारानें वर्गाच्या पुढें असतात आणि वाचना-लेखनांत मागें. अशांना बुद्धिमान मुलांच्या वर्गांत जागा असावी कीं नसावी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न नवा नाहीं. १८९६ च्या नोव्हेंबरांत प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरानें 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकांत एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलाची दृष्टि निर्दोष, बुद्धि चलाख. ७४९ ला ८६७ नें गुणावयास सांगितलें असतां त्यानें झटपट व बिनचूक गुणाकार केला. परंतु अनेक वर्षें शिकवूनहि साधे शब्द त्यास वाचतां येत नव्हते, आणि स्वतःच्या नांवांतील अक्षरांचीहि तो उलटापालट करी. त्याच्या शिक्षकाचें मत असें होतें कीं, सर्व शिक्षण तोंडी असतें तर हाच मुलगा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता. या अडचणीस आज डिस्लेक्सिया म्हणतात. तिचें मूळ डोळ्यांत नसून, शब्दांतील ध्वनि सुटे करून त्यांची अक्षरांशीं सांगड घालण्यांत आहे.

आपली लिपि उच्चारानुसारी असल्यामुळें इंग्रजीहून सोपी, हें खरें. तथापि तिचेहि गुंते आहेत. 'कि' लिहितांना वेलांटी आधीं येते व तिचा उच्चार मागाहून होतो. 'र' हा 'सूर्य', 'चक्र' आणि 'राष्ट्र' या तीन शब्दांत तीन वेष घेतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्या आकृतींत अंतर किंचितच. बुद्धिमान मुलगा यांतून आपली वाट काढतो: धडा ऐकून पाठ करतो आणि पुस्तक पुढें धरून म्हणून दाखवितो. मधलाच परिच्छेद दिला म्हणजे मात्र तो थांबतो. अशा रीतीनें बुद्धि अडचणीस झांकते आणि अडचण बुद्धीस झांकते. शिक्षकास दिसतो तो एक सामान्य, किंबहुना आळशी मुलगा.

महाराष्ट्रांत बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचें कार्य पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनें आप्पा पेंडसे यांच्या पुढाकारानें १९६२ सालीं हातीं घेतलें. ग्रामीण भागांतील हुशार मुलांसाठीं निघालेल्या पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकीं एक १९८५-८६ मध्यें अमरावतीस सुरू झालें. आपल्या जिल्ह्याचें नवोदय कन्नडला आहे. त्याच्या प्रवेशपरीक्षेंत अर्धे गुण आकृतींवरील प्रश्नांना असतात. हें उत्तमच, कारण आकृति ओळखण्यास वाचन लागत नाहीं. परंतु गणिताचीं शाब्दिक उदाहरणें आणि भाषेचे उतारे वाचावेच लागतात, आणि दार बहुधा तेथेंच अडतें.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश असून, ती शक्य तितक्या लवकर ओळखणें हें शिक्षणसंस्थांचें कर्तव्य ठरविलें आहे. परीक्षेंत अधिक वेळ व लेखनिक देण्याचीहि त्यांत तरतूद आहे. मात्र सवलत परीक्षेच्या दिवशीं मिळते. वर्ग वर्षभर चालतो. म्हणून शिक्षकानें पुढील गोष्टी कराव्यात. प्रश्न वाचून दाखवावा व उत्तर तोंडीं ऐकावें. विज्ञानाच्या उत्तरांत विचाराचे गुण शुद्धलेखनाच्या चुकांसाठीं कापूं नयेत. सर्वांदेखत अवचित वाचावयास उभें करूं नये. ध्वनि व अक्षर यांचा संबंध रोज थोडा वेळ स्वतंत्रपणें शिकवावा. आणि मुख्य म्हणजे, वाचन कच्चें म्हणून गणित सोपें देऊं नये. भुकेल्या बुद्धीस उपाशी ठेवल्यानें वाचन सुधारत नाहीं.

शेंद्र्यासारख्या ठिकाणीं आणखी एक सावधगिरी हवी. येथील कारखान्यांमुळें परप्रांतांतील कुटुंबेंहि येतात. त्यांचा मुलगा मराठी अडखळत वाचतो तो कदाचित् भाषा नवी म्हणून. तेव्हां तपासणी शक्यतों मातृभाषेंत व्हावी. नाहीं तर नसलेला दोष चिकटतो आणि असलेला निसटतो.

विद्यार्थिमित्रहो, सोबत्यास अधिक वेळ मिळाला म्हणजे तुम्हांपैकीं कोणी 'हा अन्याय' असें म्हणेल. त्यानें एवढाच विचार करावा: भूमितीची परीक्षा भूमितीचें ज्ञान मोजण्यासाठीं असते, वाचनाचा वेग मोजण्यासाठीं नव्हे. कापड मापावयाचें तर गज घ्यावा, तराजू नव्हे. ज्याच्या डोक्यांत सिद्धांत तयार आहे, पण प्रश्न वाचण्यांतच ज्याची घटका सरते, त्यास ती घटका परत देणें हा न्यायच आहे. तुमच्या बांकावर असा कोणी असेल, तर उद्यां धडा त्यास वाचून दाखवा आणि मग त्याचा अर्थ त्यालाच विचारा. कदाचित् तुम्हांसच कांहीं नवें शिकावयास मिळेल.