वाचनाची भिशी : शिरूर-दौंडच्या लिहित्या माणसांसाठी

व्हॉट्सॲपवर साहित्याचा ग्रुप काढायला दोन मिनिटे लागतात. दोन महिन्यांनी त्यावर काय उरते, हे कुणाही लिहित्या माणसाला ठाऊक आहे. सुप्रभात, वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाच्या तरी नावावर फिरणारी दुसऱ्याच कुणाची कविता, आणि आपण जीव ओतून टाकलेल्या कथेखाली पाच-सहा अंगठे. कथा वाचली कुणी, ते कळत नाही.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत लिहिणाऱ्यांची वाण नाही. कवठे येमाईच्या बशीर मोमीन कवठेकरांनी तमाशाच्या फडांसाठी वगनाट्ये आणि गाणी लिहिली, आणि राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळवला. त्या मातीत आजही लिहिणारे आहेत. अडचण आहे ती एकत्र येण्याची. शिरूर नगर रस्त्यावर, दौंड सोलापूरच्या लोहमार्गावर, मध्ये भीमा. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत पाळ्या, दौंड जंक्शनवर रेल्वेच्या ड्युट्या, ऊसवाल्याला रात्रीची वीज आली की मोटर चालू करायला जायचे. त्यात घोड नदीकाठच्या ऊसपट्ट्यात बिबट्यामुळे अंधार पडल्यावर घराबाहेर पडायला माणसे धजावत नाहीत. म्हणून फोनवर जमणे ही इथली खरी गरज आहे. ते नीट कसे जमवावे, त्याची ही कृती.

आधी यादी, मग ग्रुप

ग्रुप काढण्याआधी वही घ्या. प्रत्येक नावापुढे चार रकाने : काय लिहितो, कुठल्या गावचा, कामाच्या वेळा कोणत्या, आणि आज हातात कोणते कच्चे लिखाण आहे. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. ज्याच्या हातात काही चालू आहे, तो लिहिणारा. ज्याच्या हातात सध्या काही नाही, त्याला वाचक म्हणून मानाने घ्या, पण लिहिणाऱ्यांच्या छोट्या गटात घालू नका. ‘कधीतरी लिहीन’ म्हणणारी माणसे गटात बसली की गट थंड पडतो.

कामाच्या वेळांचा रकाना भरला की एक गोष्ट लगेच दिसते. ‘रोज रात्री ९ वाजता ऑनलाइन काव्यवाचन’ ही कल्पना इथे टिकणार नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस ९ वाजता यंत्रावर असतो. वेळ ठरवू नका, मुदत ठरवा. आठवडाभराची मुदत सगळ्यांना जमते.

आठचाच गट का?

भिशी कशी चालते ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. सगळे दर खेपेला आपापला वाटा घालतात आणि प्रत्येक खेपेला एकाची उचल होते. लेखनाचा गट तसाच चालवावा. फरक इतकाच, की इथे वाटा पैशाचा नसून वाचनाचा. एका आठवड्यात एकाचे लेखन, बाकीच्यांचे वाचन.

आता हिशेब करा. आठ माणसे असतील तर प्रत्येकाची पाळी दोन महिन्यांत येते. चाळीस असतील तर चाळीस आठवड्यांत एकदा, आणि तोवर माणूस लिहिलेले विसरून गेलेला असतो. पाचाहून कमी असतील तर एक आजारी, एक लग्नात, एकाचे लेखन, आणि वाचायला उरतो फार तर एक. म्हणून सहा ते आठ, फार तर दहा. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ माणसे मावतात, पण लेखनाला त्याचा काही उपयोग नाही.

सगळ्यांना एका छपराखाली ठेवण्यासाठी ‘कम्युनिटी’ ही सोय वापरा. २०२२ मध्ये ती आली. त्यात एक घोषणांचा ग्रुप आपोआप तयार होतो. तिथे फक्त ॲडमिन लिहितात, आणि साध्या सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. दिवाळी अंकांची आवाहने, स्पर्धा, भेटीची तारीख एवढेच तिथे जावे. वाचक मंडळी इथे असतील. त्याखाली आठ-आठ जणांचे वाचनगट जोडा.

गट पाडताना दोन मोह होतात. पहिला म्हणजे शिरूरचा एक आणि दौंडचा एक असे गट. तसे करू नका. एका गावची माणसे एकमेकांच्या वडिलांना ओळखतात, सोयरीक निघते, आणि मग कुणी कुणाच्या कवितेला ‘इथे जमले नाही’ म्हणत नाही. नदीपलीकडच्या वाचकाला फक्त पान दिसते. मांडवगण फराट्याच्या माणसाचे लिखाण पाटसच्या माणसाने वाचावे, आणि यवतच्या माणसाचे तळेगाव ढमढेऱ्याच्या माणसाने. दुसरा मोह ‘ज्येष्ठ’ आणि ‘नवोदित’ अशा पंगती मांडण्याचा. तो त्याहून वाईट. नवोदितांच्या गटात कुणालाच शिकायला मिळत नाही आणि ज्येष्ठांच्या गटात कुणी लिहीत नाही.

प्रकाराप्रमाणे मात्र जरूर वेगळे करा. कविता दहा मिनिटांत वाचून होते, कथेला एक संध्याकाळ लागते. दोन्ही एकाच फेरीत आले की कथेवाल्यावर अन्याय होतो. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे, आणि तिथेही कविता, कथा, ललित यांना वेगवेगळी दालने आहेत. वग, भारूड, गवळण, पोवाडा लिहिणाऱ्यांचा तर गट वेगळाच हवा, कारण ते लेखन कागदावर अर्धेच असते. त्या गटात लेखकाने मजकुराबरोबर चालीत म्हटलेला आवाजी संदेश टाकावा आणि ऐकणाऱ्यांनी आवाजातच उत्तर द्यावे.

गटांना नावे नद्यांची द्या : घोड, भीमा, वेळ, कुकडी. त्यात वरचा-खालचा असा भाव राहत नाही.

सेटिंग आणि जबाबदाऱ्या

प्रत्येक वाचनगटात हे आधी करून घ्या. नवा सदस्य घेण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला. लिंकवरून येणाऱ्याला ॲडमिनच्या मंजुरीशिवाय प्रवेश नाही. ग्रुपचे नाव, फोटो, माहिती फक्त ॲडमिन बदलतील. संदेश ठरावीक काळाने आपोआप पुसले जाण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर मेहनतीने लिहिलेले अभिप्राय नाहीसे होतील.

दर गटाला दोन संयोजक असावेत, एक शिरूरचा आणि एक दौंडचा. शक्यतो त्यांतली एक बाई असावी. दोन फेऱ्या झाल्या की, म्हणजे साधारण चार महिन्यांनी, संयोजक बदलावेत. एकाच माणसाच्या हातात राहिलेला ग्रुप हळूहळू त्या माणसाचा दरबार होतो. कम्युनिटी ज्याने काढली, त्याने पहिल्याच दिवशी आणखी दोघांना ॲडमिन करावे. फोन हरवतो, नंबर बदलतो.

ॲडमिन व्हायला माणसे पोलीस केसच्या भीतीने कचरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी. तरी असा मजकूर दिसताच पुसावा. ॲडमिनला कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो, आणि ते करायला संकोच बाळगू नये.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. घोषणांच्या ग्रुपमध्ये नंबर झाकलेले असले, तरी वाचनगटात ते सगळ्यांना दिसतात. हे प्रत्येकीला प्रवेशाआधीच सांगा. ‘गटाबाहेर खासगी संदेश किंवा फोन करायचा नाही, समोरच्याने आपणहून सांगितल्याशिवाय’ हा नियम लेखी असू द्या, आणि तो मोडणाऱ्याला दुसरी संधी देऊ नका. शाळकरी मुले लिहीत असतील तर त्यांचे लेखन शिक्षकांमार्फत किंवा पालकांच्या फोनवरून यावे. मोठ्यांच्या गटात त्यांना थेट घेऊ नये.

एक फेरी कशी चालवावी

नवा माणूस आल्यावर पहिले दोन आठवडे त्याने फक्त वाचावे आणि दोन लेखनांवर अभिप्राय लिहावेत. त्यानंतर त्याची पाळी लावा. वाटा घातल्याशिवाय उचल नाही.

सोमवारी सकाळी लेखक आपला मजकूर टाकतो. कविता असेल तर एक, गद्य असेल तर १५०० शब्दांपर्यंत. मजकूर युनिकोडमध्येच हवा. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून आणलेली फाइल दुसऱ्याच्या फोनवर अगम्य चिन्हे होऊन उघडते. ज्यांना टाइप करणे जड जाते, त्यांना मराठी कीबोर्डवरचा माइक दाबून बोलायला शिकवा. वयस्कर मंडळी त्यावर भराभर लिहितात. गद्यासाठी गुगल डॉक्स बरे, पण दुवा देताना वाचणाऱ्यांना फक्त टिप्पणी करण्याची मुभा ठेवा. दुरुस्ती करण्याची मुभा दिलीत तर पहिलाच उत्साही वाचक तुमचे वाक्य बदलून मोकळा होईल.

शनिवार रात्रीपर्यंत बाकीचे सात जण आपापल्या सवडीने वाचतात. प्रत्येकाने तीन गोष्टी लिहायच्या : कुठे मन थांबले, कुठे अडखळले, आणि कुठे पुढे वाचावेसे वाटेना. ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘लिहीत राहा’ एवढ्यावर सुटका नाही. समजा, आजीच्या मृत्यूवरची कथा आहे. ‘हृदयस्पर्शी’ लिहिल्याने लेखकाच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी लिहा : ‘आजीचा चष्मा दुसऱ्या परिच्छेदात आला आणि पुढे कुठे गेला कळले नाही, मी शेवटपर्यंत तो शोधत होतो.’ एवढ्या एका वाक्यावर कथा दुसऱ्यांदा लिहिता येते.

लेखकाने शनिवारपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. हे सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत गरजेचे आहे. पहिल्याच अभिप्रायावर लेखक ‘तसे नाही, मला असे म्हणायचे होते’ म्हणू लागला, की उरलेले वाचक त्याच्या खुलाशाप्रमाणे वाचतात आणि खरे मत गिळतात. रविवारी त्याने बोलावे. वाद घालायला नव्हे, विचारायला. कोणता अभिप्राय घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हा त्याचा एकट्याचा अधिकार.

भाषेबद्दल एक आग्रहाची सूचना. संवादात पात्र ‘आलं व्हतं’ म्हणत असेल तर ते ‘आले होते’ करू नका. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ पासून आहेत आणि निवेदनात ते पाळावेतच. पण पात्राच्या तोंडची भीमथडीची बोली दुरुस्त करणे म्हणजे ते पात्र पुसून टाकणे.

दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रत्येक गटातून एक-दोन काटेकोर डोळ्यांची माणसे लक्षात येतात. त्यांचा मुद्रितशोधनाचा वेगळा गट करा. जे लेखन अंकाला किंवा पुस्तकाला जायचे आहे, ते शेवटी त्यांच्याकडून जावे. या कामाला कमी लेखू नये. दौंड तालुक्यातल्याच केडगावी पंडिता रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर ते काम त्यांच्या हातून पुरे झाले होते. ते खिळे जुळवून छापले त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्याच स्त्रियांनी. ग्रंथावर नाव एकीचे असले, तरी तो वाचकापर्यंत पोचला तो या अनेक हातांमुळे.

चोरी, भांडण आणि मौन

गटात आलेला मजकूर लेखकाच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही, त्याचा स्क्रीनशॉटही नाही. हा नियम प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाकडून ‘मान्य’ असा लिहून घ्या. बरेच संपादक आणि स्पर्धा अप्रकाशित लेखन मागतात, आणि फेसबुकवर टाकलेली कविता त्यांच्या लेखी प्रकाशित ठरू शकते. दुसऱ्याची कविता आपल्या नावाने टाकणे तर सोडाच, निनावी फॉरवर्डही नको. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. कविता कुणाची ते माहीत नसेल, तर ती टाकू नये.

भांडण लेखनावरून माणसावर घसरले, की संयोजकाने ग्रुप त्या दिवसापुरता ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ असा करावा आणि दोघांना वेगवेगळे फोन करावेत. लेखी समजुतीने ताण वाढतो, आवाजाने तो बऱ्याचदा निवळतो. जात, पक्ष आणि निवडणूक यांवरचा फॉरवर्ड पहिल्यांदा पुसावा, दुसऱ्यांदा सांगावे, तिसऱ्यांदा माणसाला काढावे. या विषयांवर लिहायला मात्र पूर्ण मोकळीक हवी. कथेतून जातीबद्दल बोलता येत नसेल तर तो गट लेखनाचा राहिलाच नाही.

जो तीन आठवडे वाचत नाही, त्याला सगळ्यांसमोर टोचू नका. खासगीत विचारा. कारखान्यात जादा पाळी असेल, घरात आजारपण असेल. तशी अडचण असेल तर एक फेरी सुट्टी द्या. नसेल तर त्याला वाचकांत हलवा आणि जागा दुसऱ्याला द्या. आठवरून गट दहाच्या पुढे गेला की त्याचे दोन करा, पाचाच्या खाली आला की दुसऱ्यात मिळवा.

वर्षाचे गणित

पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये काढला. तेव्हापासून मराठी लेखकाचे वर्ष दिवाळीभोवती फिरते. अंकांचे साहित्य पावसाळ्यातच मागवले जाते, म्हणून पहिली फेरी फेब्रुवारीत सुरू करून एप्रिलपर्यंत उरकावी. दुसरी मेपासून. आषाढात तुकोबांची पालखी यवत-वरवंडला मुक्कामी असते. त्या आठवड्यात फेरी थांबवा, कारण दौंडकडची निम्मी माणसे वारकऱ्यांच्या सेवेत असतात. उसाची तोड सुरू झाली की शेतकरी लेखकांना पाळी देऊ नका.

प्रत्येक फेरीच्या शेवटी एकदा समोरासमोर भेटा. शिरूर-चौफुला रस्त्यावरचे न्हावरे दोन्हीकडच्यांना सोयीचे पडते, आणि दौंडहून रेल्वेने येणारे जास्त असतील तर केडगाव. शाळेची खोली किंवा एखादे मंदिर पुरते. भेट सकाळी ठेवा, म्हणजे सगळे उजेडी घरी पोचतील. बाया येणार असतील तर हे आणखीच पाळा.

या रविवारी वही काढा आणि दोन्ही तालुक्यांतली मिळून आठ नावे लिहा. तुमचे नाव त्यात धरा, पण पहिली उचल दुसऱ्याला द्या.